आमटीत गूळ किती घालता?

बहरीनमधल्या यच्चयावत मराठी माणसांच्या जिभा ज्यांना तोंडपाठ होत्या, असे एकच गृहस्थ मी पाहिले, आणि ते माझे साडू निघावेत हे माझं भाग्य. ते माणसाचं नाव विसरत, हुद्दा विसरत. एकदा तर स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस विसरून, ताटातल्या पुरणपोळीकडे बघत त्यांनी ताईंना "आज काय आहे?" असं विचारलं होतं आणि पुढचे दोन दिवस त्याचं उत्तर ऐकलं होतं. पण सहा वर्षांपूर्वी एकदाच जेवून गेलेला एखादा पाहुणा लोणच्यातली फोड खातो की नुसता खार, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. ती दोघं माहूजला एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत आणि आम्ही सनदला एका जुन्या, बैठ्या घरात. आमच्या घराला अंगण होतं. त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे इथलं ऊन माणसात असतं तेवढे महिने, शुक्रवारची दुपार आमच्याकडे आणि वाइन निवडायचं काम साडूंकडे, अशी वाटणी आपोआप झाली होती.

वाइन निवडणारा माणूस म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येतं त्यातलं त्यांच्यात काहीही नव्हतं. मूळचे मिरजेचे. समुद्राचं खारं पाणी गोडं करायच्या एका प्लांटवर इंजिनिअर. उंच, वाळकी अंगकाठी, सुट्टीच्या दिवशीही खिशाला दोन पेनं, आणि चेहरा असा की आत्ताच कुणाला तरी पोचवून आलेत असं वाटावं. स्वतः संध्याकाळपर्यंत मिळून अर्धा ग्लास पीत, तोही सगळ्यांना मिळाल्यावर बाटलीत जे उरेल त्यातला. पण दुसऱ्याच्या ग्लासात काय पडावं या बाबतीत त्यांची जी तळमळ होती, ती मी मुलीसाठी स्थळ बघणाऱ्या बापातच पाहिली आहे. आमच्याकडे नवीन कुणी आलं की ते खुर्ची ओढून शेजारी बसत, घसा साफ करत आणि गंभीरपणे विचारत, "आमटीत गूळ किती घालता?"

समोरचा गांगरायचा. वाइनच्या गप्पांत द्राक्षांची नावं येतील, फ्रान्स येईल, इटली येईल अशा तयारीने आलेला मनुष्य एकदम स्वतःच्या स्वयंपाकघरात जाऊन पडायचा. पुढचे प्रश्नही ठरलेले. चहात आलं की गवती चहा? वरणभातावर लिंबू पिळता का, आणि पिळल्यावर साल चोखता का? भाकरीचा करपलेला पापुद्रा आधी खाता की ताटाच्या कडेला ठेवता? एवढ्यावर त्यांचा निकाल तयार असे. करपलेला पापुद्रा आवडीने खाणाऱ्याला जड, तुरट लाल. गोडं वरण आणि तूप एवढ्यावर जग जिंकणाऱ्याला हलकी पांढरी. लिंबाची साल चोखणाऱ्याला दात आंबतील अशी. ठेचा खाणाऱ्यांना मात्र ते कधीही कडक लाल देत नसत. थंडगार, किंचित गोडसर गुलाबी देत आणि म्हणत, "तिखटाला तुरट दिलं की दोघं भांडतात. तिखटाला गोडाचा हात लागतो." कोल्हापूरचे एक दणकट गृहस्थ गुलाबी ग्लास हातात धरायला लाजत होते. साडूंनी त्यांना स्टीलच्या फुलपात्रात ओतून दिली. त्यांनी तीन फुलपात्रं घेतली.

मी स्वतः या परीक्षेत पहिल्याच दिवशी नापास झालो होतो. नवीन लग्न, नवीन नोकरी, समोर थोरला साडू, मी छाती काढून सांगितलं, "गूळ? छे! मला कडकच लागतं सगळं." माझ्या बायकोने आतून ओरडून सांगितलं, "भावोजी, खोटं आहे! गोड आमटी असली की तिसऱ्यांदा वाटी पुढे करतात!" साडू हसले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "धाकटे, जीभ बोलताना खोटं बोलते, खाताना बोलत नाही. लाजायचं काय त्यात?" तेव्हापासून मी त्यांचा धाकटे आणि ते माझे साडूभाऊ. त्या दिवशी त्यांनी मला दिलेली पिवळसर वाइन मी आजही घेतो. दुसरी कुठली आपल्याला इतकी आवडू शकेल असं मला अजून वाटलेलं नाही.

उघड्यावरच्या पार्टीचं त्यांचं शास्त्र वेगळंच होतं. सकाळी अकरालाच ते आमच्याकडे येऊन कपड्यांच्या दोरीला एक रुमाल बांधत. वारा उत्तरेचा असला की बार्बेक्यूची शेगडी दक्षिणेच्या भिंतीला जाई, म्हणजे माशाचा धूर बाटल्यांकडे येऊ नये. वारा फिरला की शेगडी फिरे, आणि निखाऱ्यांसकट ती उचलायला मी असे. ग्लास बुटके आणि जाड बुडाचे. त्यांवर एकेक बशी झाकलेली, कारण इथे वाऱ्याबरोबर थोडं वाळवंटही येतं. बाटल्यांना ओल्या पंच्याचे तुकडे गुंडाळलेले. लाल बाटल्यासुद्धा ते थोड्या गार करायला लावत आणि अर्धा तास आधी उघडून ठेवायला सांगत. महागाची, नाजूक वाइन अंगणात आणलेली त्यांना खपत नसे. "बाहेर वारा वास पळवतो. इथे जरा मोठ्याने बोलणारी पाहिजे. नाजूक आणणं म्हणजे लग्नाच्या मांडवात कानात कुजबुजणं." वाइनला ते माणसासारखेच मार्क देत. साधारण असली तर "पुटपुटते", वाईट असली तर "हिला बसवून ठेवा", आणि ग्लास नाकाशी नेऊन, डोळे मिटून, मोठा श्वास घेऊन "हं, बोलते आहे" असं म्हणाले की मिरवणुकीत ढोल वाजावा तसा सगळ्यांना आनंद होई. बँकेतल्या एका बड्या साहेबांनी एकदा मोठ्या ऐटीत जुनी, नामांकित बाटली आणली. साडूंनी ती नीट पाहिली, आदराने टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बाटली उत्तम आहे. पण ही तुमची नाही." साहेबांचा चेहरा पडला. मग त्यांच्या हाती एक साधी, आंबटसर पांढरी आली, आणि तासाभराने साहेब माझ्याजवळ येऊन हळूच तिचं नाव लिहून घेऊन गेले. ज्या दुकानातून साडू बाटल्या घेत तिथला केरळी विक्रेता त्यांना कधीही "कौनसी चाहिए" असं विचारत नसे. तो विचारायचा, "साब, आज किसके लिए?"

असं सगळं पंधरा वर्षं चाललं होतं. मग त्या जानेवारीतला तो शुक्रवार आला.

त्याआधी आमच्या सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्या वेंगुर्ल्याला असतात. काचेची बाटली फेकून द्यायची असते ही गोष्ट कोकणात कुणी कुणाला शिकवलेली नाही. एका सुट्टीत साडूंनी तिथे सगळ्यांच्या देखत एक लाल वाइन उघडली होती. सासूबाईंनी वाइनला नाक मुरडलं. बाटली मात्र धुऊन, उन्हात वाळवून फळीवर ठेवली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी तिच्यात कोकमाचं आगळ भरलं, म्हणजे सोलकढीसाठी लागणारा, मीठ घातलेला कोकमाचा दाट रस. तेच आट्यांचं झाकण, वर तीच वाइनच्या नावाची चिठ्ठी. टॉवेलात गुंडाळून, चार पिशव्यांत घालून ती बाटली माझ्या बायकोच्या सामानातून सनदला आली. त्या शुक्रवारी सोलकढी करायची म्हणून बायकोने ती ओट्यावर काढली होती. मी साडूंच्या हुकमाप्रमाणे लाल बाटल्या उघडून ओट्यावरच ठेवल्या होत्या. आणि ट्रे भरताना माझ्या अकलेप्रमाणे मी हीही बाटली त्यांच्यात उचलली. काच काळपट, रंग तसाच. चूक संपूर्ण माझी होती, हे आधीच लिहून ठेवतो.

त्या दिवशी पुण्याहून नव्यानेच आलेलं एक जोडपं आमच्याकडे होतं. साडूंनी नवऱ्याला गुळापासून पापुद्र्यापर्यंत सगळं विचारलं. पापुद्रा आवडतो असं निघालं. त्यांनी बाटल्यांवरून नजर फिरवली, ओळखीची चिठ्ठी दिसली तशी तीच बाटली उचलली, आपल्या ग्लासात बोटभर ओतली आणि नेहमीप्रमाणे ग्लास नाकाशी नेला. डोळे मिटले. मोठा श्वास घेतला. "हं," ते म्हणाले, "बोलते आहे." आणि त्यांनी पाहुण्याला अर्धा ग्लास ओतून दिला, मलाही दिला. मी हावरट, मी लगेच घोट घेतला.

मीठ! आंबट! दाढांपासून कानशिलापर्यंत सगळं आकसलं. पहिल्यांदा मला हसू फुटलं. पंधरा वर्षांत एकदा तरी साडूंची जिरली, आता जन्मभर चिडवायला मिळालं, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. कौतुकाची वाट बघणारी ती नजर नव्हती. परीक्षेत शेजारच्या मुलाच्या पेपराकडे बघतात तशी ती नजर होती. आगळाचा वास शेजारच्या खोलीत कळतो, आणि या माणसाने ते नाकाला लावून हुंगलं होतं. त्यांना वास येत नव्हता.

पाहुण्याचा ग्लास ओठांकडे निघाला होता. मला दुसरं काही सुचलं नाही. मी उठलो, अडखळल्यासारखं केलं आणि पाहुण्याच्या हातावर, तिथून टेबलावर असा सगळाच्या सगळा पडलो. ग्लास गेले, बशा गेल्या, बाटली आडवी झाली, पांढरा टेबलक्लॉथ जांभळा झाला. "अरे अरे, लागलं का?" "यांना आता देऊ नका," "खलास, यांचा कोटा खलास!" असा गलका झाला. बायको तणतणत आली, टेबलक्लॉथ गोळा करून आत गेली. मिनिटभराने दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात तो बोळा होता. आधी तिने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या भावोजींकडे पाहिलं, आणि मग मोठ्याने सगळ्यांना सांगितलं, "आज सोलकढी नाही हं. नारळ खवट निघाला." माझ्या बायकोबद्दल मला अनेकदा अभिमान वाटला आहे, पण त्या क्षणाइतका कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडू एकटेच आले. अंगणात खुर्चीवर बसले. चहा घेतला नाही.

"धाकटे, काल त्या बाटलीत काय होतं?"

"वाइन. दुसरं काय असणार?"

"खोटं बोलू नका. पंधरा वर्षांत तुमच्या हातून थेंब सांडलेला नाही. सांडायच्या आत तुम्ही पिता."

मी सांगून टाकलं. दोरीवरच्या रुमालाकडे बघत ते म्हणाले, "दोन हिवाळे झाले. तो ताप आला होता ना, तेव्हापासून. डॉक्टर म्हणाले येईल परत, इंशाल्ला. रोज सकाळी लवंग, लिंबू, कॉफी हुंगायला सांगितलंय. हुंगतो. लवंग नाकात टोचते, तेवढंच. लिंबू मफी, कॉफी मफी. काही म्हणजे काही नाही."

"पण जेवताना तर तुम्ही सगळं..."

"गूळ कळतो हो," ते म्हणाले. "आमटी कळत नाही."

ते आपणहून पुढे बोलत राहिले. जुनी माणसं पाठ होती, जुन्या बाटल्या पाठ होत्या, म्हणून निभत होतं. प्लांटवर मीटर होते. तिथे त्यांचं नाक कुणी मागत नव्हतं. पण नवी बाटली, नवा माणूस समोर आला की अंदाजाने ठोकून द्यावं लागे. "लोक मला दुसऱ्या कशासाठी बोलावतात? मला गाता येत नाही, पत्ते येत नाहीत, विनोद सांगितला तर लोक सांत्वन करतात. एवढंच होतं माझ्याकडे. कुणाला सांगू नका. आमच्या हिलासुद्धा."

तेवढ्यात माझी बायको एक वाटी घेऊन बाहेर आली. आडव्या झालेल्या बाटलीत जे उरलं होतं ते तिने वाटीत काढलं होतं. "भावोजी, काल सगळ्यांच्या वाट्याचं सांडलं, तुमच्या वाट्याचं राहिलंय," असं म्हणून तिने ती पुढे केली. त्यांनी केवळ तिचं मन राखायला वाटी तोंडाला लावली. आणि थांबले. पुन्हा एक घोट घेतला. त्यांचा तो लांबट, गंभीर चेहरा लिंबू चाटलेल्या तान्ह्या मुलासारखा झाला आणि डोळ्यांत पाणी आलं. आंबट आणि खारट हे दोन्ही जिभेचंच काम, त्याला नाक लागत नाही, हे मला नंतर कळलं. "हे लागतंय," ते म्हणाले. "अख्खं लागतंय! आणखी आहे?"

त्यानंतरची दोन वर्षं मी त्यांचं नाक झालो. नवी बाटली आली की गुरुवारी आमच्या स्वयंपाकघरात आमचा गुप्त वर्ग भरे. "यल्ला, चला, वास घ्या. काय आठवतं?" मी सांगायचो ते अगदीच गावठी असायचं. ओलं गोणपाट. शाळेची नवीन वही. चिंचेचा डबा उघडल्यावर येतो तो. फणस कापल्याच्या दुसऱ्या दिवशीचं घर. ते डोळे मिटून ऐकत, मान डोलावत, मध्येच दटावत, "घाई करू नका, तळाशी काय आहे ते सांगा." आणि मग त्या गोणपाटावरून आणि फणसावरून बरोबर ठरवत की ही बुसैतीनला राहणाऱ्या दोघांना आणि ही पुण्याच्या पापुद्रेवाल्यांना. एकदाही चुकले नाहीत. गुरुवारी माझ्या तोंडून निघालेल्या "चिंचेच्या डब्या"चं शुक्रवारी त्यांच्या तोंडून सगळे जण कौतुकाने ऐकत, आणि मी वारा फिरला म्हणून शेगडी उचलत असे. आयुष्यात मी कुणाच्या इतक्या उपयोगी पडलो नव्हतो.

ताईंपासून ही गोष्ट लपवायचा मला त्रास व्हायचा. एकदा त्यांनीच मला बाजूला घेतलं. "तुम्ही दर गुरुवारी काय करता ते मला माहितीये," त्या म्हणाल्या. "अहो, मीठ विसरले तर लगेच सांगतात, फोडणी करपली तर सांगत नाहीत. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. त्यांना वाटतं मला माहीत नाही. वाटू दे. घरात एक तरी जागा हवी ना, जिथे ते होते तसेच आहेत." मग पदराने डोळे टिपून म्हणाल्या, "आमटीत हल्ली गूळ जरा जास्त घालते. तेवढा तरी लागू दे."

गेल्या मार्चमध्ये साडू निवृत्त झाले. व्हिसा संपत होता, मिरजेचं घर रंगवून झालं होतं. निरोपाची पार्टी अर्थातच आमच्या अंगणात. त्यांना त्यांच्या आवडीची एक बाटली द्यायची असं सगळ्यांनी ठरवलं, आणि तिथेच अडलं. त्यांना काय आवडतं? पंधरा-सतरा वर्षं ज्यांनी आमच्यातल्या प्रत्येकाची जीभ ओळखली, त्यांची जीभ आमच्यापैकी कुणी विचारलीच नव्हती. आमटीत गूळ किती, हे त्यांना कुणीही कधी विचारलं नव्हतं. बोलता बोलता सगळे ओशाळून माझ्याकडे बघायला लागले. "मी आणतो," मी म्हणालो.

वारा उत्तरेचा होता. रुमाल त्यांनी स्वतः बांधला. सगळ्यांना आपापलं मिळाल्यावर मी ओल्या पंच्याने गुंडाळलेली बाटली त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी झाकण फिरवलं, बोटभर ओतली, ग्लास नाकाशी नेला आणि डोळे मिटले. ताई खाली बघत होत्या. माझ्या बायकोने माझं मनगट धरलं होतं. त्यांनी घोट घेतला. तो लांबट चेहरा क्षणभर आकसला, आणि मग त्यावर जे हसू आलं ते आमच्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"हं," ते म्हणाले, "बोलते आहे."

टाळ्या झाल्या. बँकेचे बडे साहेब ग्लास पुढे करून म्हणाले, "आम्हालाही द्या की थोडी! नाव तरी सांगा!"

साडूंनी बाटलीवर हात ठेवला. "माफ करा साहेब," ते म्हणाले, "ही तुमची नाही. ही माझी आहे." आणि माझ्याकडे बघून त्यांनी ग्लास जरा वर उचलला. मला पुढचं काही दिसलं नाही. शेगडीचा धूर माझ्याकडे येत होता असं मी सगळ्यांना सांगितलं, पण वारा उत्तरेचा होता.

उरलेली बाटली ते मिरजेला घेऊन गेले. माझ्या निरोपावरून सासूबाईंनी वेंगुर्ल्याहून धाडलेलं आगळ बहरीन फिरून मिरजेला पोचलं, यावर त्या अजून हसतात. आता आमच्याकडे येणाऱ्या नव्या माणसांना आमटीतल्या गुळाचं मी विचारतो. माझे निकाल बऱ्याचदा चुकतात आणि लोक चांगले असल्यामुळे बोलत नाहीत. मला त्यांची फार आठवण येते. अंगण तेच आहे, पण त्यात आता कुणी गंभीर नाही. शुक्रवारी अकराच्या सुमाराला त्यांचा फोन येतो. कोण कोण येणार आहे, कुणाला काय काढलंय, हे सगळं ते विचारून घेतात. नाकाचं मी विचारत नाही आणि ते सांगत नाहीत. मग म्हणतात, "धाकटे, वारा कुठून आहे?" मी फोन कानाला धरूनच अंगणात जातो आणि दोरीवरच्या रुमालाकडे बघून त्यांना सांगतो.